कमी पैशांत गो-कार्ट: आधी सामान, मग ड्रॉइंग

सोलापुरात डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करणारी पोरं पहिली गो-कार्ट (शर्यतीची छोटी, उघडी चारचाकी) बांधायचं ठरवतात, तेव्हा मी त्यांना सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो. इंजिन, चाकं, बेअरिंग आणि ब्रेकची डिस्क हातात आल्याशिवाय चेसिसचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, ड्रॉइंग पक्कं करू नका. कॉम्प्युटरवर सुंदर चेसिस काढायची आणि मग तिच्यात बसेल असं इंजिन शोधत फिरायचं, यात पैसा हकनाक जातो. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सनं लू बोरेलीला सोबत घेऊन पहिली कार्ट बांधली, तीही गवत कापायच्या मशीनचं इंजिन बसवून. मिळेल त्या सामानातून गाडी उभी करणं हे या खेळात सुरुवातीपासूनच आहे.

इंजिन जुन्या १०० सीसी बाइकचं घ्या. स्प्लेंडरचं असेल तर उत्तम, कारण त्याचे पार्ट कुठल्याही पेठेत मिळतात आणि गल्लीतला मेकॅनिकही ते डोळे झाकून खोलतो. घेताना पावती आणि आरसीची झेरॉक्स मागा, इंजिन नंबर जुळवून बघा. कागद नसेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. उद्या ते चोरीच्या गाडीचं निघालं तर शिक्षण बाजूला राहील.

आता थोडं गणित. बाइकचं १८ इंची रिमचं चाक एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर पुढे जातं. कार्टचं ११ इंची चाक जेमतेम ०.८८ मीटर. म्हणजे बाइकचेच दोन्ही स्प्रॉकेट (चेन फिरवणारी दातेरी चक्रं) लावले तरी प्रत्येक गिअरमध्ये वेग निम्म्याहून कमी होतो आणि ओढ दुपटीच्या पुढे जाते. त्यामुळे वेगळा गिअरबॉक्स करायचा खर्च पूर्ण वाचतो. इंजिनचं तोंड मात्र बाइकमध्ये असतं तसंच पुढे ठेवा. उलटं बसवलंत तर पहिल्या गिअरमध्ये कार्ट मागे जाईल.

ज्या चाकामुळे हा फायदा होतो, तेच डिस्कच्या बाबतीत अडचण करतं. ११ इंची चाकाची त्रिज्या साडेपाच इंच. बाइकची २४० मिमीची डिस्क एक्सलवर (मागच्या चाकांच्या आसावर) लावली तर तिच्याखाली जमिनीपासून पाऊण इंच जागा उरते, आणि एक दगड आला की डिस्क वाकली. म्हणून बाजारात मिळेल ती लहानात लहान डिस्क घ्या. ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि होज नवीनच घ्या. पैसे वाचवायचे तर सीटमध्ये, रंगात, बॉडीत वाचवा.

एक्सलसाठी ३० मिमीचा ईएन ८ स्टीलचा शाफ्ट आणि यूसीपी २०६ बेअरिंग ही जोडी पुरते. भंगारातला शाफ्ट कशाचा आहे ते कळत नाही, तो नको. टर्निंगसाठी पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमची कामं करणारा लेथवाला गाठा. लूमचे शाफ्ट वर्षानुवर्षं सरळ करून या लोकांचा हात बसलेला असतो. आमच्या लेथवाल्या अण्णांनी शाफ्ट लेथवर फिरता ठेवला आणि खडूचं टोक हळूच त्याच्याजवळ नेलं. शाफ्टभोवती गोल पांढरी रेघ उमटायला हवी होती, पण एकाच बाजूला बोटभर पट्टा उमटला. "इथं पोट आहे बघ," म्हणाले, आणि त्याच जागी दाब देऊन शाफ्ट सरळ केला. असं काम चालू असताना तिथं उभे राहा आणि विचारत राहा. त्या शिकवणीची फी कुणी मागत नाही.

स्टिअरिंगवर सगळ्यात जास्त वेळ द्या. कार्टला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा) नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच शाफ्टवर घट्ट. वळताना आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं नाही तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ घसरते. ते उचलण्याचं काम पुढच्या किंगपिनचा (ज्या खिळीभोवती पुढचं चाक वळतं तिचा) मागे झुकलेला कोन करतो. १० ते १२ अंश ठेवा. स्टिअरिंग आर्मचा (चाक वळवणाऱ्या दांडीचा) कोनही जमिनीवर दोरी ताणून ठरवता येतो: किंगपिनपासून आर्मच्या टोकातून नेलेली रेघ मागच्या एक्सलच्या मध्याशी पोचली पाहिजे. इथले बोल्ट डोक्यावर ८.८ कोरलेले आणि नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे.

चेसिसला एक इंची, २ मिमी जाडीचा पाइप चालतो. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ४२ इंच धरा. कार्टला सस्पेन्शन नसल्यामुळे चेसिसचं थोडं पिळणं हेच सस्पेन्शन असतं, म्हणून जास्तीचे आडवे पाइप जोडत बसू नका. ग्रिल-गेट करणाऱ्याकडून वेल्डिंग करून घेणार असाल तर आधी फक्त टॅक (जोडावर वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारायला सांगा, दोन्ही कर्ण टेपनं मोजा, आणि मग डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून वेल्ड करून घ्या. एका बाजूनं सलग वेल्ड केलं की फ्रेम ओढली जाते.

सोलापूरच्या उन्हाचाही विचार हवा. पारा ४२ च्या पुढे असताना सीटमागे दडलेल्या एअर-कूल्ड इंजिनला वारा लागत नाही. पत्र्याचा साधा डक्ट करून बाजूचा वारा थेट सिलिंडरच्या फिन्सवर सोडा, आणि एप्रिल-मे मध्ये चाचण्या सकाळीच उरका.

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून, दोघांनी ढकलत. ब्रेक मारल्यावर मागची दोन्ही चाकं जागच्या जागी थांबली पाहिजेत. त्यानंतरच इंजिन. हेल्मेट, चेनवर गार्ड आणि हाताला येईल असा किल स्विच (इंजिन लगेच बंद करणारं बटण) यांशिवाय कुणालाही बसू देऊ नका. रस्त्यावर कार्ट काढायची नाही, तिला पासिंग नसतं. ओळखीच्या कारखान्याचं मोकळं आवार मालकाला विचारून रविवारी मिळतं. प्रत्येक फेरीनंतर चेनचा ढिलेपणा आणि स्टिअरिंगचे नट बघा. नवी चेन पहिल्या काही फेऱ्यांतच ताणून ढिली होते.