दसऱ्याला घर घ्यायचंय? मग आषाढातच बघायला लागा

बडोद्यात घरांचा बाजार तापतो तो घट बसल्यावर. पितृपक्षात कुणी टोकन देत नाही. एकदा नवरात्र लागलं की भायलीपासून हरणीपर्यंत प्रत्येक सॅम्पल फ्लॅटमध्ये झुंबड, दलालाचा फोन सतत एंगेज, आणि 'दसऱ्यापर्यंतच हा भाव' म्हणून बिल्डरची घाई. तेव्हा मुहूर्त खुशाल दसऱ्याचा धरा, पण घरं बघायला आषाढातच निघा. त्यातही भर पाऊस पडत असेल तर फारच उत्तम.

आधी पैसे मोजा

समजा घर ६० लाखांचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जाच्या टप्प्यात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ तुमचे. गुजरातेत स्टॅम्प ड्यूटी ४.९ टक्के, म्हणजे २ लाख ९४ हजार. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे ६० हजार. बांधकाम चालू असेल तर साधारणपणे ५ टक्के जीएसटी, आणखी ३ लाख. 'बारा लाख जमलेत' म्हणून निघालेला माणूस इथेच अडकतो. शिवाय ड्यूटी जंत्रीचा (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला) भाव आणि खरेदीची किंमत यांत जी रक्कम मोठी असेल तिच्यावर लागते, म्हणून त्या भागाची जंत्री आधीच काढून ठेवा.

दस्तावेज (खरेदीखत) फक्त बाईच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ होते. पण हप्ता नवरा भरणार आणि मालकीत त्याचं नावच नाही, तर व्याजावरची आयकर सवलत त्याला मिळत नाही. आधी सीएला विचारा, मग नावं ठरवा.

सिबिल रिपोर्ट (तुमच्या कर्जफेडीची नोंद) ज्येष्ठातच बघा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. कधीच बंद केलेलं क्रेडिट कार्ड तिथे थकीत दिसतं आणि ते दुरुस्त व्हायला महिना सहज जातो. रिपोर्ट साफ असला की बँकेकडून कर्जमंजुरीचं पत्र घ्या. ते साधारण तीन ते सहा महिने चालतं, त्यामुळे श्रावणात घेतलेलं दिवाळीपर्यंत पुरतं. आणि हातात पत्र असलं की भाव करताना समोरचाही जरा जपून बोलतो.

पाणी कुठवर येतं?

बडोद्यात घर घेताना माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. समा, अकोटा, फतेगंज, मुजमहुडा, कारेलीबाग, सगळीकडे पाणी. वस्तीत मगरी निघाल्या त्या वेगळ्याच. आजवा तलावाचं आणि वरच्या भागातलं पाणी मागाहून येतं, त्यामुळे इथे पाऊस थांबल्यावरही पाणी चढत राहतं.

नवरात्रात ऊन असतं, सगळं कोरडं आणि रंगवलेलं असतं. म्हणून मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सोसायटीत चक्कर मारा. पार्किंगचे खांब बघा. नवा रंग फक्त छातीपर्यंतच चढवलेला असेल तर कारण विचारा. मीटरची पेटी जमिनीपासून किती उंचावर आहे, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आहे का, तळमजल्यावरच्या दारांच्या चौकटी खालून फुगल्यात का, हे बघून घ्या. दलालाला काही विचारू नका. गेटाबाहेरच्या इस्त्रीवाल्याला विचारा, 'चोवीसमां पाणी क्यां सुधी आवेलुं?' (चोवीस साली पाणी कुठवर आलं होतं?) तो हात करून दाखवेल. फ्लॅट चौथ्या मजल्यावर असला तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण गाडी, पाण्याची मोटर आणि वीज खालीच असते.

कागद

नवी स्कीम असेल तर गुजरेराच्या (गुजरातच्या रेरा प्राधिकरणाच्या) साइटवर नोंदणी क्रमांक घालून मंजूर नकाशा, कार्पेट एरिया (घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा) आणि पूर्णत्वाची तारीख स्वतः वाचा. बिल्डर सुपर बिल्ट-अपवर (जिना, लिफ्ट अशी सामायिक जागाही धरून) भाव सांगतो. तुम्ही एकूण किंमत कार्पेटने भागून बघा, मग दोन स्कीमची खरी तुलना होते. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा तयार आहे म्हणत असतील तर बी.यू. (बिल्डिंग यूज, म्हणजे इमारत वापरायच्या) परवानगीची प्रत मागा.

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथलं जुनं घर घ्यायचं असेल तर वेळ दुप्पट धरा. प्रॉपर्टी कार्डवर अजून आजोबांचं नाव, एक वारस पुण्यात, एक अमेरिकेत, आणि खालच्या खोलीत जुना भाडेकरू, हा आपल्या मराठी लोकांच्या वाड्यांचा नेहमीचा मामला. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा मुखत्यारपत्र हातात पडल्याशिवाय बानाखत (विक्रीचा करार) करू नका. शिवाय जुन्या शहरातल्या बऱ्याच भागांना अशांत धारा (अशांत क्षेत्रांचा कायदा) लागू आहे. तिथे विक्रीआधी कलेक्टरची परवानगी लागते, नाहीतर व्यवहारच रद्दबातल ठरतो. अर्ज, चौकशी, पोलिसांचं मत, यात आठवडे जातात. दसऱ्याला दस्तावेज हवा असेल तर हा अर्ज श्रावणातच जायला हवा.

टायटल (मालकी हक्क) बघायला वकील तुमचा घ्या. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो.

पितृपक्षात काय करावं?

टोकन द्यायला घरातल्या वडीलधाऱ्यांची ना असेल तर देऊ नका, पण बोलणी करायला कोण अडवतं? बिल्डरच्या ऑफिसात त्या पंधरवड्यात शुकशुकाट असतो. पार्किंग, मेंटेनन्स डिपॉझिट, क्लब हाउसचे पैसे, सगळ्यावर घासाघीस करा आणि ठरेल ते लेखी घ्या. 'थोडं रोखीत द्या' असा सूर लागला तर सरळ नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, आणि तुमच्याकडे पावती नसते ती नसतेच.

दसऱ्याला टोकन चेकने द्या. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याला देताना १ टक्का टीडीएस (आयकर) कापून भरायचा असतो. त्याचा पॅन आधीच घेऊन ठेवा. दस्तावेजाची तारीख धनतेरसच्या आत मिळाली तर ठीक, नाहीतर सरळ लाभपाचमीनंतरची (कार्तिक शुद्ध पंचमीनंतरची) घ्या. मधले दिवस बिल्डरचं ऑफिस बंद असतं आणि वकीलही गावाला गेलेला असतो.