आजचे वारली चित्र कसे वाचावे

वारली चित्रासमोर उभे राहिल्यावर बहुतेकांची नजर तारपा या फुंकवाद्याच्या तालावर चालणाऱ्या नाचाच्या वेटोळ्यात अडकते आणि तिथून पुढे सरकत नाही. नाच देखणा असतोच. पण चित्रकाराच्या भोवतालचे प्रश्न त्या चित्रात कुठे उमटले आहेत हे पाहायचे असेल, तर विषयाकडे थोडे उशिरा वळावे. चित्र कशावर काढले आहे, कोणाच्या हाताने आणि कोणासाठी, याची चौकशी आधी करावी.

सुरुवात लग्नाच्या चौकापासून करणे उत्तम. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत लग्नघरी कुडाची भिंत सारवून, तिला गेरू लावून, त्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. तो सवाष्णी लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी स्त्री, गाणी म्हणते, आणि नक्षीदार चौकटीच्या आत पालघट ही सुफलतेची देवी असते. हे मंगल चित्र पाहताना त्याच लग्नाची दुसरी बाजू विसरता कामा नये. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे अनेकदा आयुष्यभर, नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे, अशी प्रथा या भागात होती. अशा वेठीत अडकलेल्या माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. किसान सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीने वारली शेतमजुरांनी १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तो याच मुलखात. म्हणून आजच्या चित्रात चौकट दिसली की तिच्या आत काय आहे आणि बाहेर काय ठेवले आहे, हे सावकाश पाहावे. देवीच्या जागी झाड, घर किंवा यंत्र आले असेल, तर तो बदल सजावटीपुरता समजू नये.

नंतर हाताकडे वळावे. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या पाड्यांवर कागद आणि रंग नेले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी विधीची भिंत सोडून रोजच्या जगण्याचे चित्र काढायला सुरुवात केली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र बायकांच्या हातातली कला कागदावर येताच नाव, सही आणि पैसा प्रामुख्याने पुरुषांच्या वाट्याला आला, हेही नोंदवले पाहिजे. चौकावर कोणाचीच सही नसते; कॅनव्हासवर कोणाची आहे ते अवश्य पाहावे.

मशे यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र मिळाले तर ते अगदी जवळून पाहा. बारीक पांढऱ्या रेषांनी विणलेले जाळे जवळजवळ सगळा पृष्ठभाग व्यापते आणि माणूस त्यापुढे चिमुकला दिसतो. इथे घोषणा नाही, सावकार नाही, फक्त काम आहे. ज्यांचे श्रम पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर फुकट गेले, त्यांना स्वतःसाठी राबताना इतक्या निगुतीने रंगवणे ही मला घोषणेपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

अलीकडच्या चित्रांत रेल्वे, मोटारी, क्रेन दिसतात. त्या दिसताक्षणी चित्राला निषेधाचे लेबल लावण्याची घाई करू नये; मुंबई–सुरत रेल्वेमार्ग डहाणूतूनच जातो, तेव्हा गाडी हा तिथल्या माणसाच्या रोजच्या पाहण्यातलाच भाग आहे. प्रमाण तपासावे. गाडी शेताच्या कडेने जाते की रूळ शेत कापतात, माणसे तिच्याकडे येत आहेत की गाठोडी घेऊन निघाली आहेत, यातून बरेच कळते. भाताची कापणी संपल्यावर उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे या जिल्ह्यात आजही आहेत, आणि उचल फेडण्याचे हे गणित लग्नगड्याच्या गणितापासून फार लांब नाही. मुंबईच्या आरेमध्येही वारली पाडे आहेत, जिथे ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडे तोडली गेली. डहाणू तालुक्यात वाढवण बंदराला २०२४ साली केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, तर मच्छीमार आणि आदिवासी त्याला विरोध करत आले आहेत. चित्रातले झाड किंवा समुद्र पाहताना ही माहिती हाताशी असावी.

चित्र विकत घ्यायचे असल्यास चित्रकाराचे नाव, गाव आणि पाडा विचारावा. तांदळाच्या पिठाऐवजी तयार पांढरा रंग वापरला म्हणून चित्र खोटे ठरत नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, तरी कपांवर आणि पडद्यांवर छापलेल्या त्रिकोणी माणसांमागे बहुधा कोणत्याच पाड्याचे नाव नसते. विक्रेत्याला ते सांगता आले नाही, तर पैसे कोणाकडे जातात हा पुढचा प्रश्न तिथेच विचारावा.