इंजिनाची शिट्टी: आवाजाचे मूळ कसे शोधावे आणि दुरुस्ती कशी करावी

‘गाडी शिट्टी मारते’ ही तक्रार ऐकताच गॅरेजमध्ये हात बहुधा आधी पट्ट्याकडे, म्हणजे वीज बनवणारा अल्टरनेटर, एसी वगैरे फिरवणाऱ्या इंजिनाच्या रबरी पट्ट्याकडे जातो. पुष्कळदा तो अंदाज खराही ठरतो. पण माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा पट्टा बदलला, पाठोपाठ टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) बदलला, तरी शिट्टी होती तशीच राहिली. शेवटी तेल पाहण्यासाठी इंजिन चालू असतानाच डिपस्टिक सहज वर ओढली आणि आवाज तत्क्षणी थांबला. दोष पीसीव्ही व्हॉल्व्हच्या (इंजिनाच्या आत साचणारा वायू परत हवेच्या मार्गात सोडणाऱ्या झडपेच्या) फाटलेल्या रबरी पडद्यात होता. म्हणून कोणताही भाग बदलण्यापूर्वी शिट्टी नेमकी केव्हा वाजते, हे दोन-तीन दिवस लिहून ठेवावे: सकाळी गार इंजिनावर, एसी लावताच, गाडी जागेवर उभी असताना, की चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर?

तपासणी मोकळ्या जागेतच करावी. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवल्यास विषारी धूर साचतो. हँडब्रेक ओढून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, ओढणी, सैल बाह्या आणि गळ्यातील साखळी आवरून घ्यावी. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, हे बॉनेट उघडताना विसरू नये.

सर्वांत आधी एअर फिल्टरच्या डब्याचे झाकण पाहावे. सर्व्हिसिंगनंतर शिट्टी सुरू झाली असेल, तर झाकणाची एखादी क्लिप नीट न बसल्याने फटीतून हवा ओढली जात असण्याची शक्यता मोठी असते आणि दुरुस्ती एका मिनिटाची असते.

त्यानंतर पट्ट्याकडे वळावे. आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल आणि एसी किंवा हेडलाइट लावताच वाढत असेल, तर संशय पट्ट्यावर घ्यावा. इंजिन चालू ठेवून, हात लांब ठेवून, फवारणीच्या बाटलीने पट्ट्याच्या खाचा असलेल्या बाजूवर थोडे साधे पाणी मारावे. आवाज काही क्षण थांबून पुन्हा आला, तर पुल्या (पट्टा ज्यांवरून फिरतो ती चाके) एका रेषेत नसण्याची शक्यता अधिक. उलट आवाज वाढला, तर पट्टा सैल असून घसरतो आहे. पट्ट्याला चिरा नाहीत म्हणून तो चांगला, असे मात्र समजू नये, कारण हल्लीच्या पट्ट्यांचे रबर चिरा न पडताच झिजते आणि खाचा रुंद होतात. पट्ट्यावर तेल किंवा कूलंट ठिबकत असेल, तर आधी ती गळती बंद करावी. आवाज दाबणारा स्प्रे मारून मूळ दोष झाकला जातो, एवढेच. पट्टा काढण्यापूर्वी त्याच्या मार्गाचा फोटो अवश्य घ्यावा. काढल्यावर इंजिन बंद असतानाच आयडलर (पट्ट्याला वाट देणारे चाक), टेन्शनर आणि अल्टरनेटरच्या पुल्या हाताने फिरवून पाहाव्यात. जी खरखरते किंवा डुगडुगते, तिचे बेअरिंग संपले आहे.

पट्टा निर्दोष निघाला, तर शिट्टी बहुधा हवेची असते, आणि खरी शोधाशोध येथेच सुरू होते. पेट्रोल इंजिन जागेवर चालत असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या संचात) मोठी निर्वात पोकळी निर्माण होते, त्यामुळे नळीला पडलेल्या बारीक चिरेतूनही हवा शिट्टीसारखी आत ओढली जाते. आमच्याकडे पार्किंगमधले उंदीर या रबरी नळ्या आवडीने कुरतडतात, तेव्हा दातांच्या खुणाही पाहाव्यात. बागेच्या नळीचा हातभर तुकडा घेऊन त्याचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे टोक नळ्यांच्या जोडांजवळून, फिरत्या भागांपासून दूर ठेवून, हळूहळू न्यावे. दोषाच्या जागी आवाज एकदम मोठा होतो. संशयित जोडावर साबणाचे थोडे पाणी लावल्यावर आवाज क्षणभर बदलला, तर जागा सापडली. काही जण येथे कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात, पण तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही द्रव मारणे हा घरच्या घरी करण्याचा प्रयोग नव्हे.

गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर हाताशी असल्यास पी ०१७१ हा कोड (मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी असल्याची खूण) आणि फ्युएल ट्रिम (संगणकाने इंधनात केलेली वाढ-घट) पाहावे. जागेवर चालताना ट्रिम १० टक्क्यांहून अधिक वाढलेले आणि २५०० आरपीएमला बरेच खाली येणारे असेल, तर हवेच्या गळतीचा संशय बळावतो. मग तेल भरण्याचे झाकण सैल करावे किंवा डिपस्टिक थोडी वर ओढावी: झाकण आतून घट्ट ओढले जात असेल आणि ते उघडताच शिट्टी थांबत असेल, तर पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलावा. तसाच चालवल्यास क्रँकशाफ्टच्या टोकांशी तेल अडवणाऱ्या ऑइल सीलवर ताण येऊन तेल गळू लागू शकते. फाटलेल्या नळीवर चिकटपट्टी गुंडाळणे गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरतेच ठीक. नळी त्याच मापाची नवी बसवावी आणि क्लॅम्प रबर कापले जाईल इतका आवळू नये.

टर्बो डिझेल गाडीत ॲक्सिलरेटर दाबल्यावर बारीक शिट्टी येणे स्वाभाविकच आहे. ती पूर्वीपेक्षा मोठी झाली, गाडी ओढेनाशी झाली आणि काळा धूर येऊ लागला, तर इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपांच्या टोकांशी तेलकट ओल दिसते का, ते पाहावे. खालच्या बाजूची फट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गार इंजिनावर पाइपाखालून बोटे फिरवावीत. आवाज सायरनसारखा होऊन निळा धूर येऊ लागला, तर गाडी चालवू नये, टो करूनच न्यावी.

एवढे करूनही मूळ सापडले नाही, तर शिट्टी वाजत असताना बॉनेट उघडून मोबाइलवर आवाज टिपून ठेवावा. गार इंजिनाचा आवाज गॅरेजपर्यंत पोहोचेतो बंद झालेला असतो. म्हणून शक्य असल्यास गाडी आदल्या संध्याकाळीच तेथे ठेवावी आणि सकाळी ती मेकॅनिकलाच सुरू करू द्यावी.