घरी ऑक्सिजन कसा तपासावा आणि आकड्यावर किती विसंबावं

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर मुंबईतल्या बऱ्याच घरांत अजून कपाटात पडून आहे. आजोबांना धाप लागली की तो घाईघाईत बोटाला लावतात आणि दिसेल तो आकडा खरा मानतात. तसं करू नका.

आधी सेल बदला. नेलपॉलिश पुसा, मेंदी गडद असेल तर बिनमेंदीचं बोट घ्या. हात गार असतील तर चोळून ऊब आणा. पाच मिनिटं शांत बसवून बोट पूर्ण आत घाला. आकडा आधी वरखाली होतो, म्हणून निदान मिनिटभर थांबा आणि स्थिरावलेला आकडा वेळेसकट वहीत लिहा. टक्क्याच्या चिन्हाजवळचा आकडा ऑक्सिजनचा, दुसरा नाडीचा. घाबरलेल्या घरात यांची अदलाबदल सहज होते.

मुंबई समुद्रकाठी, इथली हवा उंच डोंगरावरच्यासारखी विरळ नाही, त्यामुळे निरोगी माणसाचा आकडा 95 ते 100 असायला हवा. 94 किंवा कमी दिसला तर दुसऱ्या बोटावर पाहा आणि डॉक्टरांना फोन करा. 90 च्या खाली गेला तर ॲम्ब्युलन्ससाठी 108 ला फोन लावा. फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांची मर्यादा वेगळी असते, ती डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. सावळ्या त्वचेवर काही यंत्रं आकडा थोडा जास्त दाखवतात, तेव्हा एका आकड्यापेक्षा तो घसरतोय का हे बघा.

आणि माणसाकडे बघा. एक वाक्य दमात पूर्ण होत नाही, ओठ निळसर पडलेत, बोलणं असंबद्ध झालंय, तर आकडा 97 असला तरी दवाखाना गाठा.

कारण यंत्र फसतं. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर ऑक्सिजन आहे एवढंच ते सांगतं. हिमोग्लोबिन मुळात किती आहे, हे नाही. म्हणून रक्त कमी असलेल्या बाईला दोन जिने चढताना धाप लागते आणि बोटावर मात्र 98 दिसतो. तिला रक्ततपासणी हवी.

सगळ्यात घातक म्हणजे बंद बाथरूममधला गॅस गिझर. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि साधा ऑक्सिमीटर त्यालाही ऑक्सिजनच समजतो. त्याला वासही नसतो. अंघोळ करताना कुणाचं डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली, तर लगेच मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, हॉस्पिटलला न्या. तिथे ‘गॅस गिझर चालू होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते.