चेहऱ्याचा फोटो साफ करताना आत्याचं गोंदण पुसू नये

मागच्या मे महिन्यात आत्याची पंचाहत्तरी झाली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती गिरगावातल्या त्याच चाळीत राहते. तिचा एक छान मोठा फोटो फ्रेम करून द्यायचा असं घरात ठरलं आणि ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं’ म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. दुपारी चारला गॅलरीत खुर्ची टाकून फोटो काढला, रात्री बसून घासूनपुसून साफ केला आणि दुसऱ्या दिवशी तिला मोबाइलवर दाखवला. आत्याने चष्मा लावला, फोटो जवळ धरला, मग लांब धरला. म्हणाली, “अरे, माझं गोंदण कुठं गेलं?”

कपाळावर, कुंकवाच्या जरा खाली, हिरवट ठिपका. लहानपणी गावी गोंदलेला. मला कळायला लागल्यापासून मी तो पाहतोय. पण स्क्रीनवर चेहरा दुप्पट मोठा केला तेव्हा मला तो डाग वाटला आणि एका क्लिकमध्ये मी तो उडवला. शिवाय गाल इतके गुळगुळीत केले होते की आत्या मेणाची झाली होती. ते मात्र ती बोलली नाही. मला नंतर दिसलं.

म्हणून पहिली पायरी सॉफ्टवेअर उघडायच्या आधीची. ज्याचा फोटो आहे त्याला शेजारी बसवा, मूळ फोटो दाखवा आणि विचारा, यातलं काय नको आहे? माझा हिशोब आता साधा आहे. जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार ते बिनधास्त काढायचं: पुटकुळी, डास चावल्याची गांधी, दाढी करताना कापलेलं, घामोळं. जे कायमचं आहे त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही: तीळ, गोंदण, देवीचे व्रण, टाक्यांची खूण. सुरकुत्या काढायच्या नाहीतच. त्यांची सावली फार गडद पडली असेल तर थोडी हलकी करायची, एवढंच.

हत्यार कोणतं

मी गिम्प वापरतो. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये लिहायला घेतलेलं हे सॉफ्टवेअर आजही फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. तुमच्याकडे फोटोशॉप असेल तरी खाली सांगितलेलं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं, फक्त मेनूतल्या जागा बदलतात. मोबाइलवरच्या ‘ब्यूटी’ बटणाच्या वाटेला मी जात नाही. ते बटण कुणाला काही विचारत नाही, सरसकट सगळ्यांना एकच कातडी चढवतं.

फोटो उघडल्यावर लगेच तो सेव्ह करा. गिम्पमध्ये सेव्ह म्हणजे त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइल. जेपेग हवी असेल तर ‘एक्स्पोर्ट’ करावं लागतं. पहिल्यांदा याचा वैताग येतो, पण त्यामुळेच मूळ जेपेगवर चुकून लिहिलं जात नाही. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे थर. मग उजवीकडच्या लेयर्सच्या यादीत मूळ लेयरची डुप्लिकेट करा आणि यापुढचं सगळं काम डुप्लिकेटवर. खालचा लेयर म्हणजे गहाण न ठेवलेला दागिना, त्याला हात लावायचा नाही.

आधी रंग, मग चेहरा

चाळीतल्या गॅलरीत एका बाजूने आकाशाचा निळसर उजेड येतो आणि दुसऱ्या बाजूने खोलीतल्या ट्यूबचा हिरवट. कॅमेरा गोंधळतो आणि माणूस आजारी दिसतो. हे तसंच ठेवून कातडीवर काम सुरू केलं तर हिरवेपणालाच डाग समजून घासत बसाल.

सोपी युक्ती अशी. फोटो काढतानाच एक जादा फोटो चेहऱ्याशेजारी साधा पांढरा कागद धरून काढायचा. तो गिम्पमध्ये उघडून ‘कलर्स’ मेनूतल्या ‘लेव्हल्स’मध्ये जा. तिथे तीन छोटे ड्रॉपर असतात. त्यातला मधला, करड्याचा, उचला आणि कागदावर क्लिक करा. रंग जागेवर येतात. हीच सेटिंग प्रीसेट म्हणून ठेवून खऱ्या फोटोला लावायची. कागद धरायचं राहिलं असेल तर फोटोत खरंच पांढरं काय आहे ते शोधा. चाळीची भिंत चालणार नाही, तिचा चुना कधीच पिवळा पडलेला असतो. दातही नकोत. आत्याच्या फोटोत शेजाऱ्यांच्या दोरीवर वाळत घातलेला गंजीफ्रॉक उपयोगी पडला.

उजेड कमी असेल तर तोही इथेच ‘कर्व्हज’मध्ये वाढवून घ्या. मात्र पूर्ण फोटोचा: साडी, भिंत, चेहरा, हात, सगळं एकदम. ‘जरा उजळ कर ना, स्थळांना पाठवायचाय’ ही फर्माईश ज्यांना येते त्यांच्यासाठी हे सांगतोय. मला ती येते आणि मी नाही म्हणतो. आवडीनिवडीचा प्रश्न सोडला तरी ते दिसायला वाईट दिसतं. नुसता चेहरा पांढरा केला की कातडीतला लालसरपणा जातो, चेहरा राखेसारखा होतो आणि मान, कान नि मनगट लगेच चुगली करतात.

डाग काढणे

आता ‘हील’ टूल, म्हणजे कीबोर्डवर एच. डागाजवळच्या स्वच्छ कातडीवर कंट्रोल दाबून क्लिक करायचं. तिथून नमुना घेतला जातो. मग डागावर साधं क्लिक. हील नमुन्याचा पोत घेतं आणि रंग-उजेड मात्र डागाच्या आजूबाजूचा ठेवतं, म्हणून ठिगळ दिसत नाही.

ब्रश डागापेक्षा थोडासाच मोठा असू द्या. माउस दाबून फरफटत नेऊ नका, एकेक ठिपका क्लिक करा. नमुना शेजारचाच घ्या: कपाळाला कपाळाचा, गालाला गालाचा. नाकावरची रंध्रं मोठी असतात, डोळ्याखालची कातडी जवळपास बिनरंध्राची. नाकाचा नमुना डोळ्याखाली लावलात तर तिथे रव्याचं खडबडीत ठिगळ दिसेल. दर दोन-तीन क्लिकनंतर नमुना बदला, नाहीतर तेच तीन ठिपके गालभर छापले जातात आणि बघणाऱ्याला नक्की काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

केसांची कड, ओठांची कड, कुंकवाची कड, इथे हील फसतं. शेजारचा गडद रंग आत ओढून घेतं आणि धुरकट डाग पाडतं. तिथे ‘क्लोन’, म्हणजे सी. क्लोन आहे तसं उचलून चिकटवतं, त्यामुळे कड शाबूत राहते.

आणि झूम. कीबोर्डवर एक दाबलं की फोटो शंभर टक्क्यांवर येतो. काम तिथेच करा, फार तर दोनशेवर. चारशे टक्क्यांवर तर तान्ह्या बाळाचा गालसुद्धा पावसाळ्यातल्या रस्त्यासारखा दिसतो. माझा गोंदणाचा घोळ तिथेच झाला. दर पाच मिनिटांनी पूर्ण फोटो स्क्रीनवर आणून बघायचा.

घामाची चकाकी

मुंबईत हा मोठा विषय आहे. खरा उपाय रुमाल. फोटोआधी कपाळ, नाक आणि वरचा ओठ टिपून घेतला तर अर्धा तास वाचतो. राहिलंच तर लक्षात घ्या, जिथे चकाकी पूर्ण पांढरी झाली आहे तिथे फोटोत काही माहितीच उरलेली नसते, ती गडद करून कातडी परत येत नाही. वर एक नवा रिकामा लेयर घ्या, त्याचा मोड (तो खालच्या लेयरशी कसा मिसळतो ते) ‘डार्कन ओन्ली’ करा, शेजारच्या कातडीचा रंग ड्रॉपरने उचला आणि मऊ ब्रशने चकाकीवर हलकासा फिरवा. मग लेयरची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, वीस-तीस टक्क्यांवर आणा. सगळी चमक घालवू नका. कपाळावर थोडा उजेड नसेल तर चेहरा चपटा दिसतो.

पोत वेगळा, रंग वेगळा

गालावर लालसर-काळपट पट्टे असतील तर लोक अख्ख्या चेहऱ्यावर ब्लर मारतात, म्हणजे सगळं धूसर करतात, आणि मेणाचा पुतळा तयार होतो. मीही तेच केलं होतं. त्याऐवजी ‘फिल्टर्स’मधल्या ‘एन्हान्स’खाली ‘वेव्हलेट डीकम्पोज’ आहे. ते फोटोचे थर पाडतं. पाच असं सांगितलं तर पाच थर आणि शिवाय एक उरलेला, ‘रेसिड्यूअल’. पहिल्या थरात सगळ्यांत बारीक तपशील असतो: रंध्रं, लव, पापण्यांचे केस. पुढच्या प्रत्येक थरातला तपशील आधीच्यापेक्षा साधारण दुप्पट मोठा. शेवटच्या ‘रेसिड्यूअल’मध्ये नुसते रंगाचे आणि सावलीचे ढग. सगळे थर एकत्र दिसताना मूळ फोटो जसाच्या तसा दिसतो.

पहिल्या तीन थरांना हात लावू नका. कातडी कातडीसारखी दिसते ती त्यांच्यामुळे. चौथा, पाचवा किंवा ‘रेसिड्यूअल’ निवडा, पट्ट्याभोवती ‘फ्री सिलेक्ट’ने मोकळं वर्तुळ काढा, त्याची कड ‘फेदर’ने मऊ करा आणि तेवढ्यालाच थोडा ‘गॉशियन ब्लर’ द्या. पट्टा विरघळतो आणि वरची रंध्रं जागच्या जागी राहतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी तीन वेळा अनडू करून परत करून पाहिलं होतं.

डोळ्यांखालच्या सावलीला मात्र वेगळी रीत. नवा लेयर घ्या, मधल्या करड्या रंगाने भरा, मोड ‘सॉफ्ट लाइट’ करा. करडा दिसेनासा होईल. आता पाच ते दहा टक्के ओपॅसिटीच्या मऊ ब्रशने पांढरा रंग लावला की तो भाग उजळतो, काळा लावला की गडद होतो. हे काही कॉम्प्युटरने आणलेलं नाही. फिल्मच्या काळात स्टुडिओतले रिटचर बारीक टोकाच्या पेन्सिलीने निगेटिव्हवर हेच करायचे. चेहऱ्यावरची काळी सावली निगेटिव्हवर पारदर्शक दिसते. तिथे पेन्सिलीने भरलं की प्रिंटमध्ये ती जागा उजळ यायची. उलटं, काही गडद करायचं तर पात्याने हलकंसं खरवडायचं. त्यांना अनडूचं कंट्रोल-झेड नव्हतं. आत्याच्या डोळ्यांखाली मी सावली साधारण निम्मी ठेवली. पूर्ण काढली तर ती झोपेतून उठवलेली नाही, रंगवलेली दिसते.

डोळे आणि दात यांच्यावर फार वेळ घालवू नका. डोळ्यांतला लालपणा आणि दातांचा पिवळेपणा ‘ह्यू-सॅच्युरेशन’मध्ये फक्त तो रंग निवडून थोडा कमी करा. उजेड वाढवू नका, चेहऱ्यात दिवे लागल्यासारखं दिसतं. मागच्या बाजूला काय ठेवायचं हा तुमचा प्रश्न. मी आत्याच्या डोक्यामागून जाणारी केबल आणि शेजाऱ्यांचा तो गंजीफ्रॉक क्लोनने काढला, लाकडी कठडा ठेवला.

हात आवरता घ्या

झालं असं वाटलं की साफ केलेल्या लेयरशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद-चालू करून आधीचा आणि नंतरचा चेहरा बघा. झटका बसला तर जास्त झालंय. अशा वेळी त्या लेयरची ओपॅसिटी सत्तर टक्क्यांवर आणतो, मूळ चेहरा खालून थोडा डोकावतो आणि बरं वाटतं. शक्य असेल तर रात्रभर फाइल तशीच ठेवा. सकाळी ताज्या नजरेला लगेच दिसतं.

प्रिंट

आठ बाय दहा इंचाची चांगली प्रिंट हवी तर इंचाला तीनशे पिक्सेल या हिशोबाने फोटो २४०० बाय ३००० पिक्सेल हवा. आधी त्या मापाला कापा, मग ‘अनशार्प मास्क’ने हलकं धारदार करा, मग नव्वदच्या वरच्या क्वालिटीने जेपेग एक्स्पोर्ट करा. लॅबवाल्याला व्हॉट्सॅपवर पाठवायचा तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तुमची रंध्रं वाटेत गळतात. कागद मॅट घ्या. आणि फ्रेमवाल्याला आवर्जून सांगा की काच फोटोला टेकता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घाल. मुंबईच्या दमट हवेत काचेला टेकलेला फोटो एकदोन पावसाळ्यांत तिला चिकटतो, आणि सोडवायला गेलं की चेहऱ्याचा वरचा थर काचेवरच राहतो.

आत्याची फ्रेम आता गोंदणासकट भिंतीवर आहे. परवा आतेभावाचा फोन आला, त्याच फोटोतून तिच्या पासपोर्टसाठी ३५ बाय ४५ मिलिमीटरचा काढून दे म्हणून. त्याला सांगितलं, तिला फोटो स्टुडिओत घेऊन जा. सरकारी कागदाच्या फोटोला यातलं काहीही चालत नाही.