सेमी-पर्मनंट मेकअप करून घेताय? सुई लागण्याआधीच्या या चुका टाळा

रोज सकाळी आरशासमोर आयब्रो पेन्सिल घेऊन उभे राहण्याचा कंटाळा आला, बाळंतपणानंतर किंवा आजारपणात भुवयांचे केस गळून मध्येच रिकामी जागा पडली, की सेमी-पर्मनंट मेकअपचा विचार मनात येतो. बारीक सुयांच्या पात्याने भुवईत केसासारख्या रेघा ओढतात ते मायक्रोब्लेडिंग, मशीनने ठिपके भरत पावडर लावल्यासारखी छटा आणतात ते पावडर किंवा ओम्ब्रे ब्रोज आणि ओठांत रंग भरतात ते लिप ब्लश. पापणीच्या कडेला आयलायनरही असाच भरला जातो. नावे कितीही असली तरी या सगळ्यांत त्वचेला टोचून तिच्यात रंग सोडला जातो, म्हणजे हे उथळ गोंदणेच आहे. जाहिरातीत मात्र ‘मेकअप’ हा शब्द ठळक असतो, आणि आपण लिपस्टिकची छटा निवडावी तितक्या सहजपणे अपॉइंटमेंट घेऊन मोकळे होतो.

‘सेमी-पर्मनंट’ या शब्दाचा अर्थ ‘वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जाईल’ असा लावणे ही पहिली चूक आहे. रंग साधारण एक ते तीन वर्षांत फिका होतो हे खरे, परंतु तो पूर्ण जाईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर सुमारे महिनाभरात नवा होत असतो, त्यामुळे तिथे राहिलेला रंग कोंड्यासारखा झडून जातो. त्याखालच्या थरात पोहोचलेला रंग टिकतो, आणि हात जड पडून सुई जास्त खोल गेली तर तो अनेक वर्षे हलत नाही. आपल्या आजीच्या कपाळावरचे गोंदण आठवून पाहा. रंग काळाच भरलेला असायचा, तरी वरून ते हिरवट-निळसर दिसायचे, कारण खोलवरचा काळा रंग त्वचेच्या थरांतून पाहताना निळ्याकडे झुकतो. भुवईतही हेच घडते. कार्बनचा काळा रंग खोल गेला की भुवया राखाडी-निळ्या दिसू लागतात, तर लोहाच्या ऑक्साइडपासून केलेला तपकिरी रंग फिका होताना काही जणींच्या भुवईत विटकरी किंवा नारिंगी झाक मागे ठेवतो. म्हणून रंगाची बाटली पाहायला मागावी, घटक आणि मुदत वाचावी, आणि ‘हा रंग दोन वर्षांनी कसा दिसतो’ हा प्रश्न आधीच विचारावा.

फोटो कोणता पाहता?

काम संपल्या संपल्या काढलेल्या फोटोतली भुवई गडद, रेखीव आणि देखणीच असते, आणि बहुतेक जणी तेवढ्यावरच निर्णय घेतात. पाहायचा असतो तो जखम भरल्यानंतरचा, म्हणजे किमान दीड-दोन महिन्यांनी काढलेला फोटो, आणि तोही आपल्यासारख्या वर्णाच्या, आपल्यासारखी त्वचा असलेल्या बाईचा. तेलकट त्वचेत मायक्रोब्लेडिंगच्या रेघा पसरतात आणि काही महिन्यांत केसासारखा भास जाऊन नुसता धूसर पट्टा उरतो. अशा त्वचेला मशीनने भरलेली पावडर छटा अधिक मानवते. लिप ब्लशमध्ये ही चूक आणखी महागात पडते. आपल्याकडे अनेकींचे ओठ मुळात सावळे किंवा कडेने काळपट असतात आणि त्यावर थेट थंड गुलाबी रंग भरला तर तो जांभळट, करपल्यासारखा दिसतो. आधी नारिंगीकडे झुकणारा रंग भरून काळेपणा उतरवायचा आणि मग हवी ती छटा द्यायची, असे दोन किंवा अधिक बैठकांचे काम असते. शिवाय सावळ्या त्वचेला टोचले की तिथे काळे डाग पडण्याची शक्यता जास्त असते. एका बैठकीत फोटोतले गुलाबी ओठ देण्याचे आश्वासन मिळाले, तर माझ्या मते तिथून उठून यावे.

लग्नाच्या आठवड्यात नको

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि पार्लरमधली गर्दीही वाढते. माझ्या एका मामेबहिणीने स्वतःच्या लग्नाच्या आठ दिवस आधी भुवया करून घेतल्या. पहिले तीन दिवस त्या कोळशाने रेखल्यासारख्या काळ्या दिसत होत्या, सहाव्या दिवशी बारीक खपल्या धरल्या, आणि हळदीला कोणा उत्साही काकूंनी कपाळापासून हनुवटीपर्यंत हळद चोळली. संध्याकाळी तोंड धुतले तेव्हा डाव्या भुवईच्या शेपटीची खपली हळदीबरोबर निघून गेली होती. लग्नाच्या सगळ्या फोटोंत तिथे पेन्सिल आहे.

यात कारागिराचा दोष नव्हता, दोष मुहूर्ताचा होता. पहिले काही दिवस रंग असावा त्यापेक्षा बराच गडद दिसतो आणि थोडी सूज असते; पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास साल निघते आणि रंग जवळजवळ गेल्यासारखा वाटतो; मग चौथ्या आठवड्यापर्यंत तो हळूहळू वर येतो. टच-अप त्यानंतर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी करतात. म्हणून समारंभाच्या किमान तीन महिने आधी पहिली बैठक व्हावी. या वेळापत्रकाची कल्पना नसल्यामुळे दहाव्या दिवशी ‘पैसे वाया गेले’ म्हणून पुन्हा रंग भरून घेणाऱ्या काही कमी नसतात, आणि अर्धवट भरलेल्या जखमेत पुन्हा सुई गेली की व्रण राहण्याचा धोका वाढतो.

आजार आणि औषधे सांगून टाका

ब्यूटी पार्लरमध्ये आपण मधुमेहाबद्दल बोलत नाही, कारण थ्रेडिंगला त्याची गरज पडत नाही. इथे ती पडते. साखर आटोक्यात नसेल तर जखम उशिरा भरते. जखमेचा व्रण फुगून वर येण्याची प्रवृत्ती असेल, कोडाचे डाग वाढत असतील किंवा सोरायसिस असेल, तर टोचलेल्या जागीच तो त्रास नव्याने उमटू शकतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या बंद केल्यावरही साधारण सहा महिने थांबायला सांगतात. ओठाच्या कडेला पुळ्या उठण्याचा, म्हणजे घरी ‘ताप मुतला’ म्हणतात तो त्रास कधी झालेला असेल, तर लिप ब्लशनंतर तो उसळू शकतो. त्यासाठी डॉक्टर आधीच विषाणूरोधक गोळ्या देतात. रक्त पातळ करणारी गोळी पार्लरमधल्या कोणाच्या सांगण्यावरून स्वतःच्या मनाने बंद करणे ही तर धोकादायक चूक आहे. तो निर्णय डॉक्टरांचाच असावा. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हे काम पुढे ढकलावे. दाताच्या डॉक्टरांकडे बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा कधी त्रास झाला असेल तर तोही सांगावा, कारण भुवई बधिर करायला लावतात त्या क्रीममध्येही बहुधा लिडोकेन हे तेच औषध असते. पॅच टेस्ट, म्हणजे आधी थोडासा रंग त्वचेवर लावून पाहण्याची चाचणी, अवश्य करून घ्यावी, मात्र ती निर्धोक निघाली म्हणून पुढे कधीच ॲलर्जी येणार नाही असे नाही.

स्वच्छतेच्या बाबतीत एक गोष्ट नजरेत भरते, ती म्हणजे निळा दिवा लावलेली छोटी पेटी. त्या पेटीत ठेवलेली अवजारे निर्जंतुक झाली असे समजू नये. निर्जंतुकीकरण होते ते दाबाखालच्या वाफेवर, ऑटोक्लेव्हमध्ये. पाते किंवा सुई मात्र एकदाच वापरायची असते, तिचे बंद पाकीट आपल्यासमोर फोडले गेले पाहिजे. रंग छोट्या कपात नव्याने काढावा, उरलेला टाकून द्यावा आणि तो पातळ करायला नळाचे पाणी वापरू नये. कावीळ ब आणि क यांसारखे आजार रक्ताच्या अदृश्य थेंबातूनही पसरतात, त्यामुळे हे विचारताना संकोच करण्याचे कारण नाही.

भुवईची आखणी दोऱ्याने किंवा पेन्सिलने केल्यावर आडवे पडून हातातल्या आरशात पाहून ‘छान आहे’ म्हणू नये. आडवे पडल्यावर चेहऱ्याची त्वचा कानाकडे ओढली जाते. उठून बसावे, चेहरा सैल सोडावा आणि मगच होकार द्यावा.

बिघडले तर

घरी आल्यावर खपली काढू नये, दहा-बारा दिवस पोहणे, घाम गाळणारा व्यायाम आणि कडक ऊन टाळावे, आणि खोबरेल, हळद किंवा तुरटी असले घरगुती उपाय लावू नयेत. लाली आणि दुखणे दोन-तीन दिवसांनी कमी होण्याऐवजी वाढू लागले, पू आला किंवा ताप आला, तर पार्लरला फोन करत न बसता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. आकार चुकला म्हणून वरून त्वचेच्या रंगाचे पिगमेंट भरून झाकण्याचा सल्ला मिळतो, तो घेऊ नये. त्यात बहुधा टायटेनियम डायऑक्साइडचा पांढरा असतो, आणि पुढे लेझरने रंग काढायला गेल्यावर तो उलट काळवंडू शकतो. लेझरलाही अनेक बैठका लागतात.

निघताना वापरलेल्या रंगाचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख कागदावर लिहून घ्यावी. पुढे ॲलर्जी उद्भवली किंवा लेझरची वेळ आली तर डॉक्टर हेच विचारतात. एमआरआय करायच्या आधीही तिथल्या कर्मचाऱ्यांना हे सांगावे, कारण लोहयुक्त रंगामुळे क्वचित त्या जागी जळजळ किंवा सूज येते. आणि रक्तदानाला गेल्यास अर्जातल्या गोंदणाच्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहू नये.