कृष्णविवराचं तापमान हाताने कसं काढायचं?
श्वार्झशिल्ड मेट्रिकमध्ये (न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवतालच्या अवकाश-काळाची अंतरं मोजणाऱ्या सूत्रात) काळ काल्पनिक करा, म्हणजे त्याला √−१ ने गुणा. क्षितिजाजवळ, म्हणजे जिथून प्रकाशही परत येत नाही त्या सीमेजवळ, तो कोनासारखा वागतो. हा कोन पुरता २π फिरला नाही, तर तिथे शंकूचं टोक उरतं. सगळी गोम इथेच. टोक घालवणारं आवर्तन, म्हणजे काल्पनिक काळाच्या एका पूर्ण फेरीची लांबी: ४π गुणिले क्षितिजाची त्रिज्या, भागिले प्रकाशवेग. सूर्याएवढ्या वस्तुमानाला त्रिज्या २.९५ किमी, म्हणून आवर्तन सुमारे १२४ मायक्रोसेकंद. पुंजभौतिकीत हेच आवर्तन तापमान ठरवतं: लघुकृत प्लांक स्थिरांक (२π ने भागलेला) भागिले बोल्ट्झमन स्थिरांक म्हणजे ७.६४ × १०⁻¹² केल्विन-सेकंद. त्याला आवर्तनाने भागा: ६.२ × १०⁻⁸ केल्विन.

उत्तर सव्वासहापट आलं? प्लांक स्थिरांक २π ने भागायचा राहिला. वस्तुमान दुप्पट केल्यावर तापमान निम्मं झालं तर मात्र खोडरबर उचलू नका, ते बरोबरच आहे. विश्वभर पसरलेलं पार्श्वप्रारण २.७ केल्विनचं, म्हणजे विवराहून गरम असल्याने असं विवर सध्या विरत नाही, उलट प्रारण गिळतं.